पाण्यावरचे डाग

३ नोव्हेंबर, सोमवार

लेकीने आज फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, तोच प्रश्न चौथ्यांदा विचारलास तर मी फोन उचलणार नाही. लिहून ठेव." म्हणून ही वही उघडली. लिहिते.

लेयर म्हणजे थर. एकावर एक काचा ठेवल्यासारखे. खालच्या काचेवरचं वरच्या काचेतून दिसतं. प्रत्येक थराशेजारी एक डोळा असतो. डोळा मिटला की थर दिसेनासा होतो, पण जात नाही. थर डावीकडे सरकवून लाल चौकोन दाबला की मात्र जातो. दोन बोटांनी टकटक केलं की एक पाऊल मागे. फाईल बंद केली की मागे जायची सोय संपली.

हे सगळं मला ह्या वयात कशाला शिकायचंय, तेही लिहून ठेवते, म्हणजे डोकं फिरलं की वाचता येईल. ह्यांनी जन्मभर मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढली. आताचं पुस्तक एका मुलीचं आहे, जी कंदील घेऊन होडीतून निघते आणि धुक्यात बापाला शोधते. सोळा चित्रं. ह्यांनी सगळ्या रेषा शाईने काढून ठेवल्या, रंग तेवढे राहिले, आणि उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची. आता शर्टाची बटणं मी लावते. ब्रशचं तर नावच नको.

संपादकबाई म्हणाल्या, रेषा तुमच्याच राहतील, रंग आम्ही दुसऱ्याकडून भरून घेतो, हल्ली सगळं टॅबवरच होतं. ह्यांनी ठणकावलं, "रंग माझ्या घरात भरले जातील. नाहीतर पुस्तक नको." घरात म्हणजे कोण भरणार? भिंती? लेकीने टॅब पाठवला, तिच्या मते फार सोपा. आणि मी, जी लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून लोकांच्या कपड्यांवरचे डाग शोधते, ती चित्रकार झाले.

मुदत महिनाअखेरची. तोवर जमलं नाही तर चित्रं दुसऱ्याच्या हातात जाणार. आणि ती गेली तर हे पुन्हा पेन्सिल उचलणार नाहीत. असं ते बोललेले नाहीत, पण इतकी वर्षं संसार केलाय, तेवढं कळतं मला.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली पाच चित्रं उजेडातली आहेत, ती सरळ आहेत. आकाश, गवत, होडी, मुलीचा फ्रॉक. दोन झाली. थरांना मी माझी नावं दिली आहेत, कारण "लेयर ७" म्हटलं की मला काही समजत नाही. सगळ्यात खालचा तो "अस्तर". त्यावर "अंग". ह्यांच्या रेषांचा तो "शिवण".

आज फ्रॉकवर रंग जरा बाहेर गेला म्हणून रबर घेतलं आणि घासलं. रंग जाईना. अजून घासलं. मग पाहते तो मुलीचं नाकच गायब! मी शिवणीच्या थरावर उभी होते. हे मागून म्हणाले, "नाक कापलंस की माझं." दोन बोटांनी टकटक करून नाक परत आणलं आणि लेकीला विचारून शिवणीला कुलूप लावून टाकलं. आता त्या रेषांना कुणी हात लावू शकत नाही, मीसुद्धा.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाचव्या चित्रानंतर सगळीकडे धुकं, नदी आणि कंदील. खरी परीक्षा इथून.

लेकीने युक्ती सांगितली. खाली पिवळा-केशरी भडक थर द्यायचा. त्यावर निळसर राखाडी थर गच्च भरायचा, पिवळ्याचा मागमूस दिसता कामा नये. मग वरच्या थरावर मऊ रबर फिरवायचं, जोर कमी ठेवून. जिथे वरचं विरतं तिथे खालचं उजळतं. म्हणजे उजेड लावायचा नाही, झाकण काढून बाहेर आणायचा. ऐकायला इतकं छान वाटलं की टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी होत्या.

हे ऐकत होते. म्हणाले, "त्यात नवीन काय? कोळशावर आम्ही हेच करायचो. खोडरबर म्हणजे पांढरी पेन्सिल. दे इकडे." आणि पेन माझ्या हातातून घेतलं. बरेच दिवसांनी काहीतरी मागितलं म्हणून मला बरंही वाटलं. पण पेन काचेवर टेकलं मात्र, हात असा थरथरला की कंदिलाखालच्या पाण्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघोट्या उमटल्या. त्यांना ते बघत बसायला लागू नये म्हणून मी लगेच टकटक केलं आणि सगळं पुसलं. म्हटलं, "राहू दे, होतं असं."

ह्यांनी पेन खाली ठेवलं. "ह्या पाटीला मी पुन्हा हात लावणार नाही," म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले.

दारात उभं राहायची ह्यांची जुनी सवय आहे. चित्र झालं की खुर्चीवर टेकवून ठेवायचं आणि दारातून बघायचं. नाक लावून चित्र बघणाऱ्यांना हे "डाग शोधणारे" म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात.

९ नोव्हेंबर, रविवार

सहावं चित्र संपादकबाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर: "कंदिलाचा उजेड पाण्यावर पडलाय असं वाटत नाही. पाण्याला भोक पडलंय असं वाटतं."

भोक! दिवसभर मान मोडून रबर फिरवलं त्याचं हे फळ. पुन्हा केलं. आता भोक नाही, अंड्याचा बलक दिसतोय. जोर कमी केला तर काहीच दिसत नाही. वाढवला की बलक. लेक म्हणते, "आई, हात मोकळा सोड." अगं, मोकळा सोडू म्हणजे काय करू? उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं?

ह्यांना विचारलं, तुम्ही कसं केलं असतं? म्हणाले, "पाणी स्थिर नसतं." एवढंच. तोंडात मूग धरून बसायचं आणि मधूनच एखादा बाहेर टाकायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता यंत्रही अंगावर आलंय. संध्याकाळी कामावरून येऊन सातवं चित्र उघडलं तर थरांच्या माथ्यावर एक नवाच थर. नाव "लेयर १४". मी केलेला नाही. चिमटीने मोठं करून पाहिलं तर पाण्याच्या भागावर पिवळट चट्टे, मध्येच खरवडल्यासारखे. जसं कुणी चहात भिजलेल्या फडक्याने टेबल पुसावं.

डाग दिसला आणि मी तो ठेवला, असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. लाल चौकोन दाबला. साफ.

जेवताना हे म्हणाले, "सातवं उघडलंस का?" म्हटलं, उघडलं. "मग?" म्हटलं, मग काय, नेहमीचंच रडगाणं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा डाग. ह्या खेपेला सातव्यावरही आणि आठव्यावरही. दोन्ही काढले. लेक म्हणते, काचेवर तळहात टेकत असेल, त्याने आपोआप उमटतं. मी काय मुद्दाम टेकते?

आज लाँड्रीत एका बाईंच्या रेशमी दुपट्ट्यावर शाई सांडलेली. मी खडूने गोल केला, चिठ्ठी टाचली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "डाग जाईल, रंगाची खात्री नाही." त्या म्हणाल्या, "मग कशाला काढताय?" अशीही गिऱ्हाइकं असतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हातमोजा आणला. दोन बोटांचाच, करंगळी आणि तिच्या शेजारचं झाकणारा. तो घातला की तळहात टेकला तरी काच ओळखत नाही म्हणे. हे बघून हसले. "चोरी करायला निघालीस की काय?" बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मीही चिडले नाही.

बॅटरीचं मात्र कळत नाही. सकाळी शंभर भरून जाते, चारला येते तर वीसवर. पेनाचं टोकही एका बाजूने झिजलंय. ह्यांना विचारलं, पत्ते खेळता का दुपारी त्यावर? म्हणाले, "तुझं यंत्र, तुला ठाऊक." म्हटलं, मग मी ते कपाटात ठेवून जाते. तर घाईने म्हणाले, "नको. कपाटात गरम होईल."

यंत्राची एवढी काळजी कधीपासून, कोण जाणे. आठवं चित्र परत आलं. संपादकबाईंनी लिहिलंय, "धुकं उत्तम. उजेड मेलेला." नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर इथे अंगणही माझंच आणि पायही माझेच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोजा घालूनही डाग! नवव्यावर. दुकानात जाऊन त्या माणसाच्या तोंडावर तो मोजा फेकावासा वाटतोय. लाल चौकोनाकडे बोट नेलं तेवढ्यात गॅसवर दूध वर यायला लागलं, म्हणून घाईत पुसलं नाही, नुसता डोळा मिटला आणि धावले. दूध गेलं ते गेलंच, अर्धा ओटा पांढरा. परत येऊन पुढचं चित्र घेतलं.

हे दारात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. म्हटलं, बसा की, पाय दुखतील. तर म्हणाले, "इथून बरं दिसतं." दूध उतू गेलेलं बरं दिसतं होय?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज कहर झाला. अकरावं चित्र, जिथे मुलीची होडी नदीच्या मध्यावर येते आणि चहूकडे धुकं. हे चित्र मला स्वतःला आवडतं. उघडलं तर सगळी नदी बरबटलेली. कडेपासून कडेपर्यंत. पिवळे, केशरी, मध्येच पांढुरके चट्टे, त्यात शेकडो बारीक ओरखडे. इतके डाग एका वेळी मी कपड्यावरही पाहिलेले नाहीत. हजारदा मोठं करून पाहिलं, कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं काही कळेना. काढलं. फाईल बंद केली. आणि अर्धा तास नुसती बसून राहिले, कारण रडूच यायला लागलं होतं.

हे आज दाढी करून बसले होते. डाव्या हाताने केलेली, दोन ठिकाणी कापलेली. विचारलं, "आजचं कसं होतं?"

म्हटलं, "कसलं?"

"अकरावं. कसं वाटलं?"

"वाटायचंय काय? घाण होती नुसती. सगळी काढून टाकली."

"घाण," हे म्हणाले. विचारलं नाही, नुसतंच म्हणाले. मग जरा वेळाने, "बंद केलीस फाईल?"

"केली. का?"

"काही नाही. विचारलं."

जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. आधी हात, आता पोट. माझ्याच नशिबाला ही सगळी दुखणी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज हे दिवसभर पडून होते. टॅबची बॅटरी सकाळी होती तितकीच संध्याकाळी. चला, तेवढं तरी सुधारलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवसांत एकही डाग नाही. मोज्याची सवय व्हायला वेळ लागत असावा. लेकीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा काय म्हणतात?" बाबा काय म्हणणार? बाबा भिंतीकडे बघतात.

आणि संध्याकाळी बाबांनी तोंड उघडलं ते हे म्हणायला. "देऊन टाक त्यांना चित्रं. घेऊ देत दुसऱ्याकडून रंगवून."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "तीन आठवडे मी मान मोडतेय ती कशासाठी? घरातच रंगेल म्हणून गर्जना कुणी केली होती? मी का?"

"मीच."

"मग आता काय झालं?"

"काही झालं नाही. जमत नाही, हे कळायला वेळ लागला."

घ्या! म्हणजे मला जमत नाही, हे आता नवऱ्याकडूनही ऐकायचं. संपादकबाई बोलतात ते परकं माणूस म्हणून सोसलं. मी ताडकन म्हटलं, "जमत नसलं तरी निदान मी हात तरी लावते! तुम्ही काय लावलंत?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली घातला आणि धरून ठेवला. हात तिथेही हलतच होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संपवलं एकदाचं. सोळाही पाठवली. संपादकबाईंनी नुसती चित्रं नकोत, थरांसकट फाईली पाठवा असं कळवलं होतं. त्याचा अर्थ न समजण्याइतकी मी खुळी नाही. थर असले की दुसऱ्या माणसाला पुढे काम करणं सोपं जातं. म्हणजे त्यांनी माणूस शोधून ठेवला आहे.

ह्यांना सांगितलं, पाठवली. "बरं केलंस," म्हणाले. आणि मग, "दमलीस ना तू." एवढ्याशा वाक्याने माझा सगळा राग उतरला आणि त्याचाच मला पुन्हा राग आला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू? कुठून सुरू करू?

दुपारी काउंटरवर असताना संपादकबाईंचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला. त्या म्हणाल्या, "बाई, नववं चित्र! पाण्यावरचा तो उजेड! हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत?"

म्हटलं, "नवव्यात काय आहे? आठव्यासारखंच आहे ते."

"अहो, वरचा एक लेयर बंद होता. मी सवयीने डोळा उघडून पाहिला आणि खुर्चीतून उठले. कंदील हलतोय असं वाटतं हो! बाकीच्या पानांवर पण असंच करा. तेवढ्यासाठी मुदत वाढवून देते. पण हा लेयर तुम्ही बंद का ठेवलात?"

मी म्हटलं, "दूध उतू जात होतं." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

मालकांना सांगून लवकर निघाले. घरात शिरले तेव्हा हे खुर्चीत पेपर वाचत होते. काही न बोलता टॅब घेतला, नववं उघडलं, "लेयर १४"चा डोळा उघडला. चिमटीने मोठं केलं. तेच चट्टे. तेच ओरखडे. हे बघून त्या खुर्चीतून उठल्या? मग म्हटलं, नाक लावून नको. टॅब टेबलावर उभा करून ठेवला आणि मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

दारातून पाहिलं, आणि नदी हलली. कंदिलाचा उजेड पाण्यावर तुटत होता, जुळत होता, लांबत होता. एकही रेघ सरळ नव्हती. सगळ्या थरथरत होत्या, आणि म्हणून ते पाणी होतं. मी तीन आठवडे सरळ हाताने रबर फिरवत होते आणि भोकं पाडत होते.

मग मान वळवली. ह्यांच्या हातात पेपर फडफडत होता. खिडक्या बंद होत्या, वारा कुठला? मी पेपराकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, पुन्हा पेपराकडे. अगदी तीच थरथर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. माझ्या तर काखेतच होता आणि मी तो रोज संध्याकाळी स्वच्छ घासून पालथा घालत होते.

"अहो," मी म्हटलं, "हे तुम्ही केलंत?"

ह्यांनी पेपर खाली घेतला नाही. "कधीचं झालं ते आता."

"सगळे डाग... सगळं तुम्हीच?"

"दुपारी वेळ जाईना."

"मग बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. "तोंड नव्हतं? रोज विचारायचं उघडलं का, कसं वाटलं, आणि मूळ गोष्ट सांगायची नाही! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!"

आता पेपर खाली आला. "पहिल्या दिवशी पुसलंस, तेव्हा वाटलं, चांगलं झालं नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी अजून बारीक केलं. तेही पुसलंस. नवव्याच्या वेळी तू नुसता डोळा मिटलास, तेव्हा वाटलं, येतंय आता जवळ. मग अकराव्यावर दोन दिवस बसलो. वेगळ्या, खोट्या नावाच्या फाईलीत करत होतो, पुरं झाल्यावर तुझ्यात आणून ठेवलं." पेपर मांडीवर ठेवला. "तू म्हणालीस घाण. तू कधी उगाच म्हणत नाहीस. तुझी नजर मला माहीत आहे."

"माझी नजर डागांची आहे हो!" मी म्हटलं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्यांचा तो हात धरला. धरला तरी हलतच राहिला. आणि ह्यांनीच मला, म्हणजे मलाच, म्हटलं, "राहू दे. होतं असं."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराव्याची ती खोट्या नावाची फाईल कुठे आहे, विचारलं. म्हणाले, जागा भरली म्हणून यंत्राने विचारलं होतं, तेव्हा काढून टाकली, तुझ्यात ठेवलंच होतं ना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, फाईल बंद केल्यावर पुसलेलं, आई, नाही येत परत.

६ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर आमचा कारखाना सुरू आहे. लाँड्रीतून सुट्टी घेतली. मी अस्तर देते, अंग भरते, धुकं पसरते आणि टॅब दोन्ही हातांनी घट्ट धरून बसते. हे पेन मुठीत धरतात, लहान मुलं खडू धरतात तसं. आधी भडक पिवळं लावतात, मग रबराने काढतात, मग पुन्हा लावतात. हात जितका जास्त हलेल तितकं पाणी चांगलं होतं. सकाळी गोळी घेतल्यावर हात जरा शांत असतो, तेव्हा हे म्हणतात, "थांब, अजून नीट बिघडला नाही." मी अधूनमधून चिमटीने मोठं करायला जाते आणि हे माझ्या बोटांवर चापटी मारतात. "दारात जा." मग मी दारात जाते. आज किती वेळा गेले, पायांना विचारा.

भांडणही झालं. मी एका ठिकाणी रेघ कंदिलावर आली म्हणून काढायला निघाले, तर म्हणाले, "तुझ्या दुकानात जाऊन काढ." त्यांच्या थराला मी नाव द्यायचं ठरवलं, कारण "लेयर १४" मला आता बघवत नाही. विचारलं, काय लिहू? म्हणाले, "डाग." मी म्हटलं, नाही लिहिणार. म्हणाले, "मग माझा थर आहे, मीच लिहितो." एकेक अक्षर टिपायला त्यांना फार वेळ लागला. पण सगळ्या फाईलींत आता तेच नाव आहे.

सगळी झाली. एक सोडून. अकराव्याला हे हात लावत नाहीत. मी तीनदा उघडून समोर ठेवलं. आज शेवटी म्हणाले, "ते एकदा झालं. त्या दिवशी हात जसा होता तसा पुन्हा नाही व्हायचा. सगळ्यात चांगलं तेच होतं." तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी मला तिथला पिवळा थर मिटायला लावला. पाणी सगळं राखाडी झालं. होडी, मुलगी आणि तिच्या हातात विझलेला कंदील. तसंच पाठवायचं म्हणाले. पाठवलं.

संपादकबाईंचा लगेच फोन. सगळं अप्रतिम आहे, पण अकराव्या पानावर कंदील विझलेला का? गोष्टीत तर तसं काही नाही. लेखकाला काय सांगू?

मी फोनवर हात ठेवून ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "विचारताहेत, अकराव्यात कंदील का विझला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेपर उचलला, तो फडफडायला लागला, आणि त्याच्याआडून म्हणाले,

"म्हणावं, वारा आला होता."

मी तसंच सांगितलं.